मुख्याध्यापक निवडणारे पालक : शिकागोच्या शाळा परिषदांचं प्रकरण

ऑक्टोबर १९८९ मध्ये शिकागोतल्या शाळांत मतदान झालं, शाळेचा कारभार पाहणाऱ्या परिषदा निवडण्यासाठी. सुमारे ५४० सरकारी शाळा आणि प्रत्येक शाळेची स्वतंत्र निवडणूक. जागा साडेपाच हजारांच्या आतबाहेर, उमेदवार सतरा हजारांहून जास्त आणि पडलेली मतं तीन लाखांवर. मत द्यायला अमेरिकेचं नागरिकत्व लागत नव्हतं, तुमचं मूल त्या शाळेत शिकत असलं की पुरे. मेक्सिकोहून आलेल्या ज्या आईला महापौर निवडता येत नव्हता, तिला आपल्या मुलाच्या शाळेचा कारभार पाहणारी माणसं निवडता येत होती आणि स्वतः उभंही राहता येत होतं.

शाळेच्या समितीवर पालक असणं ही आपल्यालाही आता नवलाई नाही. शिक्षण हक्क कायद्यामुळे गावोगाव शाळा व्यवस्थापन समित्या आहेत. तरीही मी या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा वळतो, कारण शिकागोने पालकांना नुसती खुर्ची दिली नाही. मुख्याध्यापक कोण असावा आणि शाळेचे पैसे कुठे खर्च व्हावेत, हे ठरवण्याचा अधिकारही त्या खुर्चीबरोबर दिला. नंतरच्या काळात त्या अधिकाराला कडेकडेने कात्री लागली. हा सगळा प्रवास नीट नोंदलेला आहे, म्हणून त्यातून शिकण्यासारखंही पुष्कळ आहे.

संपाने पेटलेली गोष्ट

१९८७ च्या सप्टेंबरात शिकागोच्या शिक्षकांनी संप केला. १९६९ पासूनचा हा नववा संप. मुलांचे शाळेचे १९ दिवस बुडाले. चार लाखांहून जास्त मुलं घरी, त्यातली बहुतेक काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांतल्या गरीब घरांची. आईबाप कामाला गेल्यावर मुलांचं काय, हा रोजचा प्रश्न होता. या आधीच्या संपांत पालक वाट बघायचे, संप मिटला की मुलांना दप्तर देऊन पाठवायचे. या वेळी ते रस्त्यावर आले, शिक्षण मंडळाच्या दारात गेले, चर्चच्या तळघरांत आणि वस्तीतल्या सभागृहांत बसून बोलू लागले. राग एकट्या शिक्षकांवर नव्हता आणि एकट्या मंडळावरही नव्हता. दोन्ही पक्ष भांडतात, तडजोड करतात आणि त्या तडजोडीत मुलांच्या बाजूने बोलणारं कुणीच नसतं, हे त्यांना दिसलं होतं.

हॅरल्ड वॉशिंग्टन तेव्हा महापौर होते, शहराचे पहिले काळे महापौर. शिक्षणावर त्यांनी आधीच एक शिखर बैठक सुरू केली होती, पण तिच्यात मुख्यतः उद्योजक आणि अधिकारी होते. संपानंतर त्यांनी पालकांना आणि वस्तीतल्या लोकांना त्या चर्चेत आणलं. त्याच नोव्हेंबरात केंद्राचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी शिकागोच्या शाळा देशात सर्वांत वाईट असल्याचं जाहीर म्हटलं. शब्द बोचरे होते, पण घरोघरी लोकांना ते माहीत होतं. नववीत आलेल्या मुलांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त मुलं शाळा पूर्ण न करताच गळत होती. आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला वॉशिंग्टन आपल्या कार्यालयातच कोसळले आणि त्यांचं निधन झालं. त्यांच्यानंतर हा विषय विझून जाईल असं अनेकांना वाटलं असणार. तो विझला नाही, याचं श्रेय मी पालकांच्या संघटनांना देतो. इलिनॉय राज्याची राजधानी स्प्रिंगफिल्ड शिकागोहून तीनशे किलोमीटरवर आहे. बस भरभरून माणसं तिथे जात राहिली आणि डिसेंबर १९८८ मध्ये राज्यपाल जेम्स थॉम्प्सन यांनी शाळा सुधार कायद्यावर सही केली.

अकरा माणसं

कायद्याने प्रत्येक शाळेसाठी 'लोकल स्कूल कौन्सिल' नेमली. आपण तिला शाळा परिषद म्हणू. सदस्य अकरा : सहा पालक, वस्तीतले दोन रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक. माध्यमिक शाळेत एक विद्यार्थीही. अध्यक्ष पालकांपैकी. पालक सहा म्हणजे सरळ बहुमत.

इथवरचं आपल्या कानाला ओळखीचं वाटेल. पुढचं मात्र वेगळं आहे. त्याआधी शिकागोत मुख्याध्यापकाची नोकरी कायमची असे. एकदा नेमला की मंडळ आणि तो, मध्ये कुणी नाही. नव्या कायद्याने हे कायमपण काढून घेतलं. मुख्याध्यापकाला चार वर्षांचा करार मिळणार आणि तो करार द्यायचा, वाढवायचा की संपवायचा हे परिषद ठरवणार. शाळेचा वार्षिक सुधार आराखडा परिषद मंजूर करणार. अंदाजपत्रकही तीच मंजूर करणार.

या तीन गोष्टींत पहिली सर्वांत महत्त्वाची. शाळेत मुख्याध्यापक बदलला की शाळेचा स्वभाव बदलतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही गावातला माणूस सांगेल. एक सर येतात आणि पटांगणात झाडं उभी राहतात, दुसरे येतात आणि दोन वर्षांत वाळून जातात. शिकागोच्या पालकांनी मागितलं ते हेच : ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे, त्याने आमच्यापुढे येऊन बसावं आणि सांगावं की तुमच्या मुलांना वाचायला कसं शिकवणार.

पहिल्या वर्षी, म्हणजे १९९० च्या वसंतात, निम्म्या शाळांच्या परिषदांनी निर्णय घ्यायचा होता आणि उरलेल्यांनी पुढच्या वर्षी. भीती अशी होती की पालक सरसकट मुख्याध्यापकांना घरी पाठवतील. तसं झालं नाही. बहुसंख्य मुख्याध्यापकांना परिषदांनी करार दिला. काही शाळांत मात्र गदारोळ झाला. मुलं लॅटिनो किंवा काळी आणि मुख्याध्यापक गोरा, अशा काही ठिकाणी करार नाकारल्यावर वंशभेदाचे आरोप झाले, मोर्चे निघाले. निर्णय योग्य की चुकीचा हे बाहेरून ठरवणं अवघड होतं आणि आजही आहे. पण आधीच्या व्यवस्थेत हेच निर्णय मध्यवर्ती कार्यालयात बंद दारामागे होत होते, हे विसरून त्या गदारोळाकडे पाहता येत नाही. याच काळात अनेक जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि काही वर्षांत बऱ्याच शाळांना पालकांनी निवडलेला माणूस मिळाला.

नवा मुख्याध्यापक निवडायला पुढे सात मतांची अट आली. मला हा आकडा फार शहाणपणाचा वाटतो. पालक सहाच आहेत, म्हणजे सगळे पालक एक झाले तरी एक मत कमी पडतं. एखाद्या शिक्षकाला किंवा वस्तीतल्या रहिवाशाला पटवावंच लागतं. बहुमत हातात असूनही समजूत घालण्याची सवय लागावी, अशी ती रचना आहे.

न्यायालयाने घातलेला अडसर

मुख्याध्यापकांच्या संघटनेने कायद्याला आव्हान दिलं आणि ३० नोव्हेंबर १९९० रोजी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मुख्याध्यापकांची कायम नोकरी काढून घेणं न्यायालयाने वैध ठरवलं. मतदानाची पद्धत मात्र घटनाबाह्य ठरली. कारण असं : परिषद सार्वजनिक पैसा खर्च करते, म्हणजे ती सरकारचाच एक भाग आहे. मग सहा जागांसाठी फक्त पालकांनी मत द्यायचं आणि शेजारी राहणाऱ्या, कर भरणाऱ्या, पण मूल शाळेत नसलेल्या माणसाला दोनच जागांसाठी मत, हे समान मताच्या तत्त्वात बसत नाही.

हा निकाल वाचताना मी थबकलो होतो. शाळा कुणाची? ज्यांची मुलं आज वर्गात बसली आहेत त्यांची, की सगळ्या गावाची? आपल्याकडे समितीवर ग्रामपंचायतीचा सदस्य असावा की नसावा यावरून जी कुजबुज चालते तिच्या तळाशीही हाच प्रश्न असतो. शिकागोने १९९१ मध्ये त्यावर एक साधा तोडगा काढला. जागा तशाच ठेवल्या, सहा आणि दोन. पण पालक असो की रहिवासी, प्रत्येक मतदाराला पाच मतं दिली आणि ती त्याने या दोन्ही गटांतल्या कुठल्याही उमेदवारांना द्यावीत असं ठरवलं. निवडून येणारे बहुसंख्य पालकच, मात्र निवडणारे सगळे.

त्या १९९१ च्या निवडणुकीत मतदान जवळपास निम्म्यावर आलं होतं. पहिला उत्साह ओसरला, असं वर्तमानपत्रांनी म्हटलं. ते खरंच होतं. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मधल्या काळात न्यायालयाच्या निकालामुळे परिषदांचं अस्तित्वच टांगणीला लागलं होतं आणि महापौरांनी नेमणुका करून गाडा चालू ठेवला होता. आपलं मत टिकणार की नाही हे माहीत नसताना माणूस संध्याकाळची पाळी सोडून रांगेत कशाला उभा राहील?

पैसा आणि विश्वास

गरीब मुलांसाठी राज्याकडून येणारा एक मोठा निधी पूर्वी मध्यवर्ती कार्यालयात जिरत असे. कायद्याने तो टप्प्याटप्प्याने थेट शाळांकडे वळवला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर साधारण प्राथमिक शाळेच्या हाती वर्षाला पाच लाख डॉलरच्या आसपास असा पैसा आला, जो कशावर खर्चायचा ते शाळेनेच ठरवायचं. जास्तीचा शिक्षक घ्यावा, वाचनासाठी वेगळी बाई नेमावी, संगणक आणावेत की शाळा सुटल्यावरचे वर्ग चालवावेत? हिशेब समजून घ्यायला पालकांना शिकावं लागलं. अनेक स्वयंसेवी संस्थांनी त्यांना अंदाजपत्रक वाचायला शिकवलं. पुढे १९९५ मध्ये सदस्यांसाठी १८ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं आणि ते पुरं न करणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ लागलं. सदस्याला न शिकवता त्याच्यापुढे कागद ठेवणं म्हणजे त्याचा अंगठा घेणंच होय, हे त्यांना वेळेवर कळलं.

परिषदा चालल्या कशा? शिकागो विद्यापीठात १९९० साली शहरातल्या शाळांचा अभ्यास करणारा एक गट उभा राहिला आणि त्याने हे बारकाईने पाहिलं. १९९७ च्या त्यांच्या अहवालानुसार निम्म्याहून थोड्या जास्त परिषदा उत्तम काम करत होत्या, आणखी एक मोठा गट बरा चालत होता पण त्याला मदतीची गरज होती आणि १० ते १५ टक्के परिषदांमध्ये गंभीर अडचणी होत्या : भांडणं, गटबाजी, क्वचित गैरव्यवहार. गरीब, कमी शिकलेल्या पालकांना शाळा चालवता येणार नाही, या भाकिताला हे आकडे पुरेसं उत्तर आहेत असं मला वाटतं.

याच गटाने नंतर नव्वदच्या दशकातल्या प्राथमिक शाळांची तुलना केली. शंभर शाळा ज्या सुधारल्या आणि शंभर ज्या जागच्या जागी राहिल्या. सुधारलेल्या शाळांत पाच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या : दिशा देणारं नेतृत्व, पालकांशी आणि वस्तीशी घट्ट नातं, शिक्षकांची तयारी, मुलांना सुरक्षित वाटेल असं वातावरण आणि वर्गातला पक्का अभ्यासक्रम. आणि या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे मोठ्या माणसांमधला परस्परविश्वास. पालकांचा शिक्षकांवर, शिक्षकांचा मुख्याध्यापकावर. तो नसेल तर उरलेलं फार टिकत नाही.

पण याच अभ्यासाची दुसरी बाजू मला अस्वस्थ करते. ज्या शाळा जागच्या हलल्या नाहीत, त्यांतल्या बऱ्याच शहराच्या सर्वांत गरीब, जवळजवळ पूर्ण काळ्या, गुन्हेगारीने पोखरलेल्या वस्त्यांत होत्या. तिथेही परिषदा होत्या, तिथेही निवडणूक झाली होती. जिथे माणसं घर टिकवण्यासाठीच झगडत होती, तिथे शाळा सावरायला समितीचा अधिकार एकटा पुरला नाही. पालकांच्या सहभागाबद्दल आपण उत्साहाने बोलतो तेव्हा त्या वस्त्या लक्षात ठेवूनच बोलायला हवं.

अधिकार कसा जातो

१९९५ मध्ये राज्याने कायदा पुन्हा बदलला. शिक्षण मंडळ आणि शाळांचा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमण्याचा अधिकार एकट्या महापौरांकडे गेला. परिषदा रद्द झाल्या नाहीत. पण पुढच्याच वर्षी १०९ शाळा कमी गुणांमुळे देखरेखीखाली घेतल्या गेल्या आणि अशा शाळांत मुख्याध्यापकाबद्दलचा परिषदेचा शब्द अखेरचा राहिला नाही. १९९६ च्या कायद्यामुळे खासगी व्यवस्थापनाच्या, सरकारी पैशावर चालणाऱ्या चार्टर शाळा आल्या. त्यांना शाळा परिषद बंधनकारक नव्हती. २००४ मध्ये महापौर रिचर्ड एम. डेली यांनी शंभर नव्या शाळांची योजना जाहीर केली आणि त्यांतल्या बहुतेक शाळाही परिषदेशिवाय चालणाऱ्या होत्या. कायदा पुस्तकात तसाच होता. फक्त तो लागू असलेल्या शाळा एकेक करून कमी होत गेल्या. मे २०१३ मध्ये मंडळाने एका बैठकीत जवळपास पन्नास शाळा बंद करायचं ठरवलं, तेव्हा त्या शाळांच्या परिषदांच्या विरोधाला काही किंमत उरली नव्हती.

या काळातलं एक उदाहरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दक्षिण शिकागोच्या ब्रॉन्झव्हिल भागात वॉल्टर डायट यांच्या नावाची माध्यमिक शाळा आहे. डायट हे संगीत शिक्षक. प्रसिद्ध जॅझ गायक नॅट किंग कोल त्यांच्याच हाताखाली घडले. २०१२ मध्ये मंडळाने ही शाळा टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. नवीन मुलं घेणं थांबलं आणि २०१५ साली शेवटच्या वर्गातून फक्त तेरा मुलं बाहेर पडली. पालकांनी आणि वस्तीने नुसता विरोध केला नाही, तर पर्यावरण आणि नेतृत्व या विषयांभोवती बांधलेल्या नव्या शाळेचा पूर्ण आराखडा तयार करून मंडळापुढे ठेवला. सुनावणी पुढे पुढे जात राहिली. १७ ऑगस्ट २०१५ रोजी बारा जण उपोषणाला बसले, त्यात पालक, आज्या आणि वस्तीतले कार्यकर्ते होते. उपोषण ३४ दिवस चाललं. मधेच, सप्टेंबरच्या सुरुवातीला, शाळा पुन्हा उघडेल असं मंडळाने जाहीर केलं. पण ती कलाशाळा असणार होती आणि वस्तीचा आराखडा बाजूला ठेवलेला होता. २०१६ मध्ये ती उघडली. दरवाजा परिसरातल्या सगळ्या मुलांना खुला आहे, ही मोठी जीत होती. तरीही पोट बांधून बसलेल्या त्या माणसांच्या हाती मूळ मागणी अर्धीच पडली. १९८९ मध्ये जे मतपेटीतून मिळत होतं, ते २०१५ मध्ये जीव पणाला लावून मागावं लागलं.

त्यांच्या आधी २००१ च्या मातृदिनी लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीत आया आणि आज्या अशाच बसल्या होत्या, कबूल केलेली माध्यमिक शाळा बांधा म्हणून. १९ दिवस. ती शाळा २००५ मध्ये उघडली.

आपल्या समितीकडे पाहताना

आपला शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. कागदावर पाहिलं तर आपलं प्रमाण शिकागोपेक्षा सरस आहे. त्यांच्याकडे अकरात सहा, आपल्याकडे चारात तीन. महिलांसाठी आणि वंचितांसाठी जागा राखायचं त्यांना सुचलं नव्हतं, ते आपण केलं आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण समितीचं काम कलमात कसं लिहिलंय ते पाहा : शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणं, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणं. लक्ष ठेवायचं आणि शिफारस करायची. जिल्हा परिषदेच्या शाळेतले सर कोण येणार आणि कधी बदलून जाणार, यात समितीला शब्द नाही. पट शंभर ते अडीचशे असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान वर्षाला ५० हजार रुपये, त्यात दहा टक्के स्वच्छतेसाठी बाजूला काढायचे. वीजबिल, खडू, फळ्याचा रंग, दुरुस्ती यांत ते संपतं. मग सभेची सूचना येते, रजिस्टर फिरतं, काही वेळा ते घरीच सहीला जातं आणि इतिवृत्तात सर्वानुमते मंजूर असं लिहिलं जातं. समितीवरच्या पालक बाई सभेला येत नाहीत म्हणून आपण त्यांना उदासीन ठरवतो. दिवसाची मजुरी बुडवून सही करायला यावं एवढं त्या सभेत त्यांच्या हाती काय आहे, हा प्रश्न आपण आधी स्वतःला विचारायला हवा.

शिकागोसारखा मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकार आपल्याकडे उद्या आणावा असं मी म्हणणार नाही. गावकी, जात आणि स्थानिक राजकारण शाळेच्या दारात आणून बसवण्याची भीती खरी आहे, आणि एखाद्या दलित किंवा आदिवासी शिक्षिकेचं भवितव्य गावाच्या बहुमतावर सोडणं मला मान्य नाही. पण मधल्या पायऱ्या आहेत. मुख्याध्यापकांच्या वार्षिक मूल्यमापनात समितीचं लेखी मत नोंदवलं जावं. बदलीच्या वेळी शाळेला कोणत्या विषयाचा शिक्षक हवा ते समितीला विचारलं जावं. खर्चाचा काही भाग असा असावा, जो समितीने ठरवल्याशिवाय खर्चच होणार नाही. आणि प्रशिक्षण कागदोपत्री नको. हिशेबाची वही उघडून, बेरजा करून दाखवणारं हवं.

शिकागोत आता शिक्षण मंडळही निवडून यायला लागलंय. २०२१ च्या कायद्याने तो मार्ग उघडला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एकवीस जणांच्या मंडळातले पहिले दहा सदस्य लोकांनी निवडले. शाळा परिषदाही आहेत. बऱ्याच ठिकाणी जागांइतकेही उमेदवार मिळत नाहीत. तरी दर दोन वर्षांनी निवडणूक होते आणि ती सहसा प्रगतिपुस्तक घ्यायच्या दिवशीच ठेवलेली असते. आई वर्गात जाऊन बाईंशी बोलते, मुलाचे गुण पाहते आणि परत जाताना तिथेच मत देते.